ओळी जोडण्याचा नसता उद्योग

बाबा गेल्यानंतर आठव्या महिन्यात मला असा शोध लागला, की त्यांच्या ओळी तुटलेल्या आहेत. त्याआधी त्यांच्या बऱ्याच वस्तू तुटलेल्या आढळल्या होत्या. चष्म्याची काडी, आरामखुर्चीचा डावा हात, टेबलाच्या खणाची कडी. पण ओळींकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण त्या त्यांच्या जुन्या संगणकात होत्या आणि तो संगणक सुरू व्हायला इतका वेळ घेई, की तोवर आपण त्याच्याकडे कशासाठी आलो होतो तेच विसरायला व्हायचं.

विषय आईने काढला. "एक तारखेला ताई मला न्यायला येतेय," ती म्हणाली. "त्याच्या आत ह्यांचं लिहिलेलं एकदा सगळं वाचून दाखव मला. तिकडे गेल्यावर कोणाला वेळ असतो? आणि मी परत येईन, न येईन."

आईला चार वर्षांपासून दिसत नाही. उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. बाबा बसस्टँडवर निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा सुटेल, हे तेहतीस वर्षं कर्ण्यावरून सांगून ते निवृत्त झाले, आणि शेवटची तीन वर्षं छातीचं दुखणं घेऊन घरात बसून आठवणी टाइप करत राहिले. दुपारी ते आईला वाचून दाखवत. मी दुपारी ऑफिसात असे, त्यामुळे ते कसं वाचतात हे मी एकदाही ऐकलं नाही. हे वाक्य मी इथे सहज लिहून गेलो, पण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे.

आता माझी पात्रता सांगतो. आवक-जावक विभागात मी सत्तावीस वर्षं आहे. डाव्या बाजूला समास न सोडलेला अर्ज आमच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. दोन परिच्छेदांत अंतर नसलेलं पत्र मी एकदा थेट साहेबांना परत केलं होतं, आणि साहेबांनी ते मुकाट्याने पुन्हा टाइप करून घेतलं होतं. अशा माणसाने बाबांची फाईल उघडली आणि समोर हे पाहिलं:

मी तेहतीस वर्षं ह्या स्टँडवर बोललो
पण माझं तोंड
कोणी पाहिलं नाही
लोक वर
कर्ण्याकडे बघायचे

वाक्य चांगलं होतं. ते मधेच का तोडलंय ते कळेना. सबंध फाईल तशीच होती. सहाशे चौदा ओळी, एकीचा दुसरीशी मेळ नाही. सुरुवातीला एखादी ओळ सात-आठ शब्दांपर्यंत जायची, पुढे पाच-सहा, आणि शेवटी शेवटी चाराच्या पुढे एकही जात नव्हती. पानाची उजवी बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. म्हाताऱ्या माणसाचं बोट चुकून एंटरवर पडत असणार, असा मी निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढताना कोणाला विचारायची मला सवय नाही.

"वाचतोस ना?" खुर्चीतून आई म्हणाली.

"आधी नीट करतो. मग वाचतो."

"आहे तसं वाच."

"अगं आई, असं वाचता येत नाही. अडखळायला होतं."

"मग अडखळ की."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अडखळत वाचणं हे माझ्या स्वभावात बसत नाही.

पहिले चार दिवस मी हाताने काम केलं. ओळीच्या शेवटी जायचं, डिलीटचं बटण दाबायचं, पुढची ओळ वर ओढायची. संगणक प्रत्येक वेळी थोडा विचार करून मग ओढायचा. एकशे चाळीस ओळींनंतर माझ्या उजव्या हाताचं बोट सुजलं. बायकोने मलम लावता लावता म्हटलं, "अहो, सासूबाईंना ऐकायचंय. छापायचं नाहीये." बायका कुठल्याही कामाची शिस्त अशी एका वाक्यात मोडीत काढतात. मी काही बोललो नाही, कारण बोट दुखत होतं आणि मलम तिच्या हातात होतं. चिडून मी त्या एकशे चाळीस ओळी सेव्ह न करताच फाईल बंद केली. ह्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं हे एकमेव शहाणपणाचं काम, आणि तेही रागाच्या भरात.

सुजलेलं बोट जिन्यात सगळ्यांना दिसलं. वरच्या मजल्यावरचे सर संगणकाचे क्लास घेतात. ते तिथल्या तिथे पायरीवर बसले. "हाताने? हल्ली हाताने कोण करतं? काळी खिडकी उघडायची, एक कमांड द्यायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत सहाशे ओळींची एक ओळ." आणि त्यांनी आपल्या क्लासच्या जाहिरातीच्या पाठीमागे मला कमांड लिहून दिली.

खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर आहेत. आयुष्यभर धोके शोधत हिंडल्यामुळे त्यांना सगळे सावधान काका म्हणतात. ते आपल्या दारातूनच ओरडले, "आधी एक प्रत काढा! प्रत काढून बाजूला ठेवा! मग काय तो खेळ करा!" पण काका ओली पायरी, गरम चहा आणि नवीन चप्पल ह्या तिन्हींबद्दल तेवढ्याच कळवळ्याने ओरडतात, त्यामुळे त्यांचं कोणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही.

काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, कोपऱ्यात एक रेघ तेवढी उघडमीट करत असते. सत्तावीस वर्षांत इतक्या उर्मटपणे माझी कोणी वाट पाहिली नव्हती. मी एका बोटाने कमांड टाइप केली. ओळ जिथे संपते तिथली खूण काढून टाक, असा तिचा अर्थ होता. खूण काढली गेली. पण तिच्या जागी काही ठेवायला मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द एकमेकांना चिकटले. बोललोपण. तोंडकोणी. नाहीलोक. सहाशे तेरा ठिकाणी माझे वडील असे बोलले होते.

कमांडीने तयार केलेली ही नवी फाईल कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ती तत्काळ पुसली, आणि संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. वाचकांनी ही घटना लक्षात ठेवावी. मीही ठेवली आहे, जन्मभरासाठी.

सरांनी कमांडीत सुधारणा करून दिली. आता खुणेच्या जागी मोकळी जागा येत होती. ह्या खेपेला शब्द सुटे राहिले, पण तयार झालेली नवी फाईल म्हणजे एकच ओळ झाली. बाबांचा जन्म, शाळा, नोकरी, लग्न, आम्ही दोघं भावंडं, कर्णा, निवृत्ती, सगळं एका रेषेत. वाचायला उजवीकडे सरकत जायचं. मी अर्धा तास सरकत गेलो आणि बाबांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलो.

"परिच्छेद पाडायला निराळी कमांड आहे," सर म्हणाले. "मूळ फाईलवर चालवा. फक्त एक सांभाळा, बाणाच्या पुढे नवीन नाव द्या."

बाणाचं चिन्ह म्हणजे तयार झालेला मजकूर कुठे जायचा ते दाखवणारी पाटी. आता माझ्या नोकरीचा पहिला नियम असा, की एका विषयाची एकच फाईल. तीन-तीन नावांनी एकच मजकूर पडून राहणं मला बघवत नाही. मी बाणाच्या पुढे मूळ फाईलचंच नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं, सरांचा शब्द अगदी खरा ठरला. फाईल उघडली तर आत काहीही नव्हतं.

सरांनी खुलासा केला. आधी संगणक बाणाच्या पुढचं भांडं घासून रिकामं करतो आणि मग वाचायला बसतो. वाचायचं होतं ते त्याच भांड्यात. "अगदी प्राथमिक चूक आहे ही," ते म्हणाले. "मी पहिल्याच तासाला शिकवतो. प्रत असेलच ना तुमच्याकडे?"

खालून काकांचा आवाज आला, "मी सांगितलं होतं!"

मी घरात येऊन बाबांच्या खुर्चीत बसलो. माणूस गेला तेव्हा कागदपत्रं, डॉक्टर, नातेवाईक ह्यांच्या गडबडीत रडायचं राहून गेलं होतं. आता रिकाम्या फाईलसमोर बसून मला खरोखर रडू आलं. बायकोने पाठीवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "ती लांबलचक ओळ तरी आहे ना?" ती होती. सगळे शब्द तिच्यात होते. गेलं होतं ते एवढंच, की कुठली ओळ कुठे तुटली होती, आणि ते तर मला नकोच होतं. हा विचार सुचल्यावर मला एकदम बरं वाटलं. किती वेळ वाटलं तेही सांगतो.

ती एक ओळ घेऊन मी परिच्छेद पाडले. विरामचिन्हं घातली, समास सोडला, पानांना आकडे दिले. ह्यात तारीख वीस उजाडली. रोज संध्याकाळी आई विचारत होती, "झालं का रे?" आणि मी म्हणत होतो, "होत आलं." त्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता वाचायला लागलो.

दीड पान झालं असेल. आईने हात वर केला.

"हे ह्यांचं नाही."

"म्हणजे? शब्द न् शब्द बाबांचा आहे!"

"शब्द ह्यांचेच आहेत. पण इतकं लांब एका दमात हे कधी बोलले? ह्यांना कुठे तेवढा दम होता?"

मग तिने जे सांगितलं ते ह्या घरात तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. स्टँडवर घोषणा पुठ्ठ्यावर लिहून ठेवत, त्याची एक रीत होती. एक श्वास, एक ओळ. जिथे दम संपतो तिथे ओळ संपवायची, म्हणजे वाक्याच्या मध्ये धाप लागत नाही आणि गाडी कुठली ते लोकांना नीट ऐकू जातं. बाबांनी आठवणीही तशाच लिहिल्या होत्या. आईला वाचून दाखवण्यासाठी. आपल्या श्वासाच्या मापाने.

"पहिल्या वर्षी लांब लांब वाचायचे," आई म्हणाली. "नंतर ओळी लहान झाल्या. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं ना."

मी हातातली नीटनेटकी पानं खाली ठेवली. तीन वर्षांत माझ्या बापाचा दम कसकसा कमी होत गेला ते त्याने ओळीओळीने लिहून ठेवलं होतं, आणि मी समासाच्या हौसेपायी ते पुसून बसलो होतो. ती चिकटलेल्या शब्दांची फाईल ठेवली असती, तरी प्रत्येक चिकटलेला शब्द तुटलेल्या ओळीची जागा दाखवत उभा राहिला असता. ती मी टोपलीसकट नाहीशी केली होती. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि ते मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "लाजून काय होणार? दुसरीकडे कुठे असेल का ते बघ."

असण्याची एक जागा होती. निवृत्त कर्मचारी संघाच्या वाचनालयाला बाबांनी फाईलची प्रत दिली होती. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. तिथे दोन खिडक्या आहेत. एकीवर चौकशी असं लिहिलंय आणि ती बंद असते. दुसरीत चिटणीस बसले होते.

"सभासदाला स्वतः अर्ज करावा लागतो," ते म्हणाले.

"सभासद वारले."

"मग सभासदत्व रद्द झालं. रद्द सभासदाचं साहित्य बाहेर देता येत नाही."

"पण ते तुमच्याकडे आहे ना?"

"आत आहे."

"मग?"

"आतलं आत देता येतं. बाहेर द्यायला कार्यकारिणीची मंजुरी लागते. सभा एकोणतीस तारखेला. वारसाचा अर्ज करा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या."

मी धावपळ करून अर्ज केला. आईचा हात धरून तिची सही घेतली, ताईची सही तिच्या गावाहून फोनवर मागवली. तेवीस तारखेला तो अर्ज मला परत मिळाला. चिटणीसांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला होता: डाव्या बाजूला समास सोडलेला नाही. घाईत राहून गेला होता. मी त्या शेऱ्याकडे बराच वेळ बघत राहिलो. अक्षर वळणदार होतं, आणि वाक्य माझंच होतं. सत्तावीस वर्षांत किती लोकांनी माझ्या टेबलापासून असं मुकाट्याने घर गाठलं असेल, हा विचार मला पहिल्यांदाच शिवला. मी समास सोडून अर्ज पुन्हा दिला.

त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "एकोणतीसची वाट बघत बसलास तर मी जाईन. तू वाच. मी सांगते हे कुठे थांबायचे ते."

"सगळं आठवतंय तुला?"

"तीन वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?"

मग आमचा कारभार सुरू झाला. मी आधी माझी विरामचिन्हं आणि परिच्छेद काढून टाकले. मग मी हळू वाचायचो. आई उजव्या हाताचं एक बोट वर करायची. बोट वर गेलं की मी एंटर दाबायचो. सरांना हे कळलं तेव्हा ते नवी कमांड लिहून द्यायला उत्साहाने खाली आले. "कुठे तोडायचं त्याचा नियम फक्त सांगा मला. किती अक्षरांनंतर?"

"जितका दम असेल तितक्या."

"तो किती असतो?"

"रोज थोडा कमी," मी म्हटलं. सरांनी जाहिरातीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ आमच्यात बसून ऐकत राहिले. जाताना त्यांनी चप्पल हातात घेऊन दार लावलं.

कधी कधी आईचं बोट वर जायचं ते खाली यायचंच नाही. पहिल्यांदा मी घाबरलो. "इथे पाणी प्यायचे," ती म्हणाली. मी उठून पाणी प्यायलो. चौथ्या दिवसापासून बोट वर जायच्या आधीच मला कळायला लागलं. छातीत काहीतरी आपोआप थांबायचं. मी अडखळायला लागलो होतो, आणि आई पहिल्यांदाच माझ्या वाचण्याला मान डोलावत होती. वीसएक मिनिटं वाचलं की मला थकवा यायचा. बाबा दीड तास वाचत. त्या वर्षांत ऑफिसातून आल्यावर मी त्यांना एकच प्रश्न विचारायचो, औषध घेतलं का. ह्याचं मला आता वाईट वाटतं, आणि आता वाटून काही उपयोग नाही.

तीस तारखेच्या सकाळी आम्ही शेवटच्या ओळीला पोचलो. त्याच दुपारी चिटणीस स्वतः आमच्या दारात आले. मंजुरी मिळाली होती. त्यांनी फाईल दिली, पोच घेतली, दोनदा, आणि पायरीवर घुटमळून म्हणाले, "आम्ही सगळे त्यांच्या आवाजावर घड्याळं लावायचो."

दोन फाईली शेजारी ठेवून फरक दाखवणारी एक कमांड आहे. डिफ म्हणतात तिला. जिथे दोन्ही सारख्या तिथे ती गप्प बसते, फरक असेल तिथेच तोंड उघडते. मी आधी दोन्ही फाईलींच्या प्रती काढून बाजूला ठेवल्या, काकांना खालून बोलावून त्या डोळ्यांनी दाखवल्या, आणि मगच कमांड दिली. पाचशे चौऱ्याहत्तराव्या ओळीपर्यंत ती अकरा वेळा बोलली. त्यातल्या सात ठिकाणी माझंच बोट घसरलं होतं. आईची चूक फक्त चार ठिकाणी. आणि मग शेवटच्या चाळीस ओळींना ती कमांड जी बडबडायला लागली ती थांबेना. बाबांच्या चाळीस ओळी होत्या. आईने सांगितलेल्या त्र्याण्णव.

बाबांनी लिहिलं होतं:

ती एकदा डबा द्यायला
स्टँडवर आली
मी खिडकीतून तिला पाहिलं
आणि पुढची घोषणा विसरलो
तेहतीस वर्षांत एकदाच

आईने सांगितलं होतं:

ती
एकदा
डबा द्यायला
स्टँडवर
आली
मी खिडकीतून
तिला
पाहिलं
आणि
पुढची घोषणा
विसरलो
तेहतीस
वर्षांत
एकदाच

"आई, शेवटी तुझं चुकलंय," मी म्हटलं. "बाबांनी इतक्या लहान ओळी केलेल्या नाहीत."

"लिहिलं तेव्हा तेवढं जमत होतं," ती म्हणाली. "वाचायची वेळ आली तोवर तेही जमेना."

कमांडीने आपलं काम संपवलं होतं. रेघ पुन्हा कोपऱ्यात उघडमीट करत बसली. मी विचारलं, "मग ठेवू कुठली?"

"त्यांनी लिहिलेली तू ठेव. मला माझी दे."

एका विषयाच्या आता माझ्याकडे दोन फाईली आहेत. त्या तशाच राहतील.

एक तारखेला ताई आली. सामान गाडीत गेलं, भावोजी चालकाच्या जागेवर बसून घड्याळ बघायला लागले. मी आईची फाईल ताईच्या फोनवर घालून दिली. ताईने मागच्या सीटवर आईशेजारी बसून ती उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अरे, हे काय? ओळींच्या नुसत्या चिंध्या झाल्यात. तुझ्यासारख्या माणसाला हे बघवलं तरी कसं? राहू दे, मी तिकडे कोणाकडून तरी जोडून घेते. एका कमांडचं काम असतं म्हणे."

"ताई, हात लावू नकोस त्याला," मी म्हटलं. बायकोही तेच म्हणाली, जिन्यातून सरही तेच म्हणाले, आणि काका तर नेहमीच्या आवाजात ओरडले. ताई चकित होऊन आमच्याकडे बघत राहिली. मग तिने खांदे उडवले, फोन डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या दोन ओळी एका दमात वाचल्या.

आईचं बोट वर गेलं.

ताई थांबली. भावोजींनी इंजिन बंद केलं. त्या दिवशी गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली.